कपाटातलं तोंड

"मी आसंय मां थंय?"

बाजाराच्या दिवशी काजूची पिशवी खांद्याला लावून, एका हाताने नाक-तोंड झाकून एक म्हातारा आमच्या संग्रहालयाच्या उंबऱ्यावर उभा राही आणि हे विचारी. आत पाऊल टाकत नसे. मी म्हणायचो, "आसात हो काका, खंय जातलात?" मग सुस्कारा टाकून बाजाराकडे वळे. मी नोकरीला नवीन होतो. मला वाटलं, म्हातारा सटकलेला आहे.

सटकलेला कसला! आतल्या काचेच्या कपाटात प्लास्टरचे चेहरे मांडलेले होते. डोळे मिटलेले, खाली जमातीचं नाव. माणसाचं नाव कुणाच्याच खाली नाही. त्यातला एक याचा होता. हा तरणा असताना आंबोलीला गोऱ्या साहेबाचा तळ पडला होता. माणसं ओळीने बसवून डोकी मोजली, नाकं मोजली, मग याला उताणं निजवून तोंडावर ओलं प्लास्टर थापलं. श्वासाला नाकात दोन नळ्या.

"मेलंयच समजलंय रे झिला. आयेक हाक मारूची तर तोंड खंय होता?"

तेव्हापासून स्वतःच्या हाताखेरीज तोंडावर काही आलेलं त्याला खपत नसे. ऐन पावसात घोंगडं गळ्यापर्यंतच. न्हाव्याने साबण काढला की हा उठून चालू लागे, दाढी नुसत्या पाण्यावर. मी चिडवलं, "वस्तरो चलता, साबण नाय?"

"वस्तरो कापता रे. श्वास कोंडणा नाय." मग आवाज उतरवून म्हणाला, "माका भय दुसराच. मी मेलंय आणि ता तोंड हंय रवला तर? अर्धो वर, अर्धो कपाटात?"

मी हसलो खरा. पण त्या दिवसापासून कपाट पुसायला मला सोबत लागू लागली. त्या नाकपुड्यांच्या भोकांकडे बघवेना. काचेवर कधी वाफ दिसली असती तर नोकरी सोडून पळालो असतो, खोटं कशाला सांगू!

महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास नवे साहेब आले. मनाने फार चांगले. कपाट बघून संतापले. "आपली माणसं काय नमुने आहेत? गोऱ्यांची ही घाण मला इथे नको. फोडून टाका सगळे."

चेहरे अंगणात मांडले. गडी हातोडा घेऊन आला. आणि नेमका बाजाराचा दिवस.

"फोडू नकात, सायबानू! मी जितो आसंय अजून!"

आमच्या दारात पहिल्यांदाच त्याने तोंडावरचा हात काढला होता आणि साहेबांचे पाय धरले होते. साहेब पांढरेफटक पडले. एकदा जमिनीवरच्या चेहऱ्याकडे बघत, एकदा त्याच्याकडे. "यातलं कुणी जिवंत असेल हे माझ्या मनातच आलं नाही," एवढंच म्हणाले. हातोडा परत पाठवला, बाकीच्यांची गावं शोधायला माणूस धाडला आणि याला म्हणाले, "तुमचं तुम्ही घेऊन जा."

त्याने हात मागे घेतले. "माका हात लावूक भय वाटता. झिला, तुझ्याकडे ठेव. मी मेलंय काय माझ्यावांगडा चितेर जाळ."

झालं! ते तोंड माझ्या घरच्या फळीवर आलं आणि बायको माहेरी गेली. पुढे बाजारात तो खोकला तरी माझ्या काळजात धस्स होई. हा गेला आणि मला कळलंच नाही तर?

कळलं. थंडीत त्याचा मुलगा एकटा आला. मी त्या तोंडाचं गाठोडं मांडीवर घेऊन एसटीने गेलो. चितेवर ते ठेवायला वाकलो, तर मुलाने हात धरला.

"तोंडार नको. बाबा भियाता."

छातीवर ठेवलं.

राख सावडायला गेलो आणि जागीच थिजलो. सगळा जळून गेला होता आणि राखेत ते तोंड अख्खं होतं. काळं पडलेलं, डोळे मिटलेले. "म्हातारो रवलो रे!" कोणीतरी ओरडलं आणि माणसं मागे सरली. मीही सरलो.

मुलगा तेवढा पुढे गेला. खाली बसला. "बाबा," म्हणाला आणि गालावर तळवा टेकला. गाल आत गेला. मग नाक, मग कपाळ, सगळ्याचं पीठ झालं. त्याने ते ओंजळीओंजळीने मडक्यात भरलं. राख कुठली, प्लास्टर कुठलं, निवडता येत नव्हतं.

"बाबा पुरो गेलो," तो म्हणाला आणि तेव्हा कुठे रडला.