हैफाआत्याचे हात

दगडांचे हरभऱ्याएवढे रंगीत तुकडे जुळवून संतांची चित्रं घडवण्यात जॉर्डनमधल्या मादबा गावच्या हैफाची उमर गेली. मग हात थरथर कापू लागले. संतांचे डोळे तिरळे यायला लागले, तशी "आता दिसत नाही बाई," म्हणून तिनं काम सोडलं. खरं कारण कुणाला सांगितलं नाही.

आईवेगळ्या ईसाला, आपल्या भाच्याला, तिनंच वाढवलेलं. तो म्हणाला, "आत्या, माझ्या लेकीची धर्ममाता तूच. यात्रेच्या दिवशी, यार्देन नदीकाठच्या देवळात बाप्तिस्मा करू." नाही म्हणायला तिची जीभ रेटेना.

तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागेना. बाळाला तेल चोळून तीनदा पाण्यात बुडवतात आणि ते निसरडं, आकांत करणारं बाळ थेट धर्ममातेच्या हाती देतात. खाली दगडी फरशी. ओल्या टॉवेलात पिठाची पिशवी गुंडाळून तिनं सराव करून पाहिला. पिशवी पडून फुटली. पीठ झाडताना ती रडली.

यात्रेची बस उतार उतरू लागली तशी बायकांनी भजनं धरली. हैफानं हात कोटाखाली दडवले.

"तुलाच बरी थंडी वाजते गं!" शेजारीण हसली.

काठावर बिशपनं गढूळ पाण्यात क्रूस सोडला, लोकांनी बाटल्या भरल्या. हैफाचं कशात लक्ष नव्हतं. देवळात शिरताना तिनं ईसाच्या बायकोला बाजूला ओढलं.

"रूला, माझे हात कापतात गं. पोर पडेल माझ्याकडून. दुसऱ्या कुणाला उभं कर."

"ठाऊक आहे मला," रूला म्हणाली. "कॉफी कपात कमी नि बशीत जास्त पडते तुमची. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

"आणि तरी मलाच?"

"मग कुणाला? ईसाला वाढवलंत तुम्ही."

रूलानं बाळाला घ्यायच्या टॉवेलची दोन टोकं हैफाच्या मानेमागं घट्ट बांधली, झोळीसारखी, आणि स्वतः खेटून उभी राहिली.

तिसऱ्यांदा बुडवून अबूनांनी, देवळाच्या पाद्रीबाबांनी, बाळ पुढं केलं. झोळीत पडता पडता ते सर्रकन घसरलं. ईसा ओरडला. हैफानं दोन्ही कोपरांनी त्याला छातीशी आवळलं, खालून रूलाचा तळवा लागला. पोर बेंबीच्या देठापासून किंचाळलं.

"पकडलंत, आत्या. आता श्वास घ्या," रूला पुटपुटली.

हैफाचे हात अजून थरथरत होते. परतताना ईसानं ते आपल्या हातात घेतले आणि विचारलं, "डॉक्टरकडे कधी जायचं?"

"उद्याच चल," ती म्हणाली. "पण आत माझ्यासोबत थांब. मला भीती वाटते."