आवडता प्राणी

नोएडाच्या नव्या सेक्टरात राहायला गेलो तेव्हा आमची मुलगी दुसरीत होती. घरासमोर उजाड मैदान आणि त्यात नव्या फ्लॅटच्या जाहिरातींचे मोठमोठे फलक. तिच्या इंग्रजी शाळेत दर आठवड्याला डिक्टेशन असे. वही लाल खुणांनी भरून येई. ती कधी रडली नाही, त्यामुळे आम्हीही फार मनावर घेतलं नाही.

एकदा तिचा आवडत्या प्राण्यावरचा निबंध वाचायला घेतला. त्यात मांजर होतं. खरं तर तिला वेड मगरीचं. चिड़ियाघरात गेलो की मगरीच्या तळ्यापासून तिला अक्षरशः ओढून न्यावं लागे.

"अगं, तुला तर मगर आवडते ना?"

"मगरमच्छचं स्पेलिंग नाही येत," ती म्हणाली. "म्हणून आता कॅट आवडते."

अगदी सहज बोलली. लिहिता येत नाही म्हणून पोरीने आवडच बदलून टाकली होती!

त्या संध्याकाळी पाठांतर बाजूला ठेवलं. तिला म्हटलं, "टाळ्या वाजवत म्हण, क्रॉ-को-डाइल. आता जसं ऐकू येतं तसं लिही. चुकलं तरी चालेल."

तिने कागद हाताने झाकूनच लिहिलं. मी हिरवी पेन्सिल घेतली आणि बरोबर अक्षरांखाली टिंबं देत गेले. दोन्ही ठिकाणी 'सी'ऐवजी 'के' लिहिला होता, तेवढे सोडले तर सगळ्यांखाली टिंब आलं.

"म्हणजे मला येत होतं?"

"जवळजवळ सगळं. दोन्ही 'के'चे 'सी' कर, आणि शेवटी एक 'ई' राहिला."

"पण तो तर बोलतच नाही!"

"असतात काही अक्षरं अशी, गप्प बसणारी."

हे तिला फार आवडलं. स्कूटरवर बाबांच्या पुढे उभी राहून ती फलकांवरची गप्प अक्षरं शोधू लागली. लाल खुणा पुढे बरेच महिने येत राहिल्या, पण कागद झाकणं हळूहळू थांबलं.

एका रविवारी नवऱ्याचे साहेब चहाला आले होते. बाजारभावावरचं त्यांचं बोलणं मध्येच तोडून तिने विचारलं, "अंकल, नाइफमध्ये 'के' कशाला असतो?"

त्यांनी कप खाली ठेवला. "अरे यार, ये तो मुझे भी नहीं पता," म्हणाले, आणि तिच्याशेजारी सरकून बसले.