भिंतीकडचं टेबल आणि लांबची लेन्स

आमच्या लास हुंतास गावात लग्न ठरलं की पहिला निरोप पाद्र्याला, दुसरा बँडवाल्यांना आणि तिसरा नेरेइदा बारागानला. बाई भारी फटकळ. चर्चच्या दारात नवरदेवाला म्हणायची, "हनुवटी वर कर गाढवा, फाशी देत नाहीयेत तुला!" आणि नवरदेव निमूट हनुवटी वर करायचा. बाप गेल्यापासून फोटोचं दुकान ती आणि तिचा धाकटा भाऊ एलेउतेरिओ चालवत. बोलणी, भांडणं, वसुली तिची, फोटो त्याचे. तिनं काढलेला प्रत्येक फोटो हललेला यायचा, हे ती स्वतःच हसत सांगे.

आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात भिंतीकडचं एक टेबल असतं. तिथं टोळीची काही माणसं भिंतीला पाठ लावून, टोप्या न काढता बसतात. त्यांना आमंत्रण कुणी देत नाही आणि वाढायला कुणी विसरत नाही. त्यांचा फोटो काढायचा नाही, एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून बापाची रीत अशी, की छोटी लेन्स लावायची आणि ज्याचा फोटो त्याच्या पुढ्यात जाऊन उभं राहायचं. कॅमेरा कुणावर आहे ते आंधळ्यालाही कळलं पाहिजे.

पण एका लग्नात त्या टेबलावरच्या एकानं, नुसता जवळून गेला म्हणून, एलेउतेरिओच्या मानेवर सिगारेट विझवली. कातडी जळल्याचा वास नेरेइदाच्या नाकातून जाईना. त्या दिवसापासून तिनं लांबच्या लेन्सचा ध्यास घेतला.

शहरातल्या दुकानात दोघं काउंटरवरच जुंपले.

"चोवीस-सत्तर मिलिमीटरची लेन्स घेऊ या, ताई," एलेउतेरिओ म्हणाला. "उजेड जास्त घेते. चर्चच्या अंधारात हीच कामाची."

"आणि सत्तरच्या पुढचं, लांबचं?"

"पुढे जायला पाय आहेत की मला."

"पायच तोडतील एक दिवस! ही घे, चोवीस ते दोनशे. सबंध अंगण मावतं आणि नवरीच्या पापणीवरचं पाणीही दिसतं, ते सुद्धा कोंबड्यांच्या खुराड्यापाशी उभं राहून. एकीत सगळं काम. लांब राहशील तर वाचशील, मेल्या."

"अगं, पण ताणल्यावर नळी केवढी लांब होते बघ. मी कुणाला बघतोय ते लोकांना कळणार नाही."

"कळायला कशाला हवं?"

तिच्यापुढे बोलायची टाप त्याच्यात नव्हती. लेन्स घेतली.

वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडे 'डॉन' म्हणतात; तर डॉन क्रिसोफोरोच्या मुलीचं लग्न भर दुपारी, त्याच्याच अंगणात होतं. एलेउतेरिओ ताईच्या हुकुमाप्रमाणे खुराड्यापाशी उभा. जेवणं उरकत आली, बँडनं जोर धरला. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे नवरा-नवरी समोरासमोर खुर्च्यांवर चढली आणि पाहुण्यांची साखळी हातात हात धरून त्यांच्यामधून धावू लागली. नवरी पडता पडता सावरली, हसली. एलेउतेरिओनं नळी पूर्ण ताणली. नवरीच्या बरोब्बर मागे भिंतीकडचं टेबल होतं.

तिथं बसला होता टकल्या. हे नाव त्याच्या पाठीमागेच घ्यायचं. त्याला दिसली ती आपल्यावर रोखलेली काळी नळी. खुर्ची उलटी पाडून तो उठला, अंगण ओलांडून आला आणि पिस्तुलाचा दस्ता त्यानं एलेउतेरिओच्या तोंडावर हाणला. दात मातीत पडले. मग आणखी दोघांनी बरगड्यांवर बूट घातले. बँड वाजतच राहिला; थांबायची हिंमत कुणाची?

नेरेइदा स्वयंपाकाच्या बाजूनं धावत आली. "नवरीचा फोटो आहे तो! बघा ना स्वतः, बघा!"

टकल्यानं कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. खरंच नवरीच होती. मागच्या टोप्यांचे नुसते धुरकट ठिपके. नेरेइदाच्या जिवात जीव आला. पण तो मेला एकेक फोटो मागे सरकवत गेला. नवरी अंगणात आली तेव्हाचा फोटो निघाला. लेन्स तेव्हा आखूड केलेली, सबंध अंगण त्यात मावलेलं, आणि भिंतीकडच्या टेबलावरचा चेहरा न् चेहरा स्वच्छ, अगदी गालावरच्या व्रणासकट. लांबून काढताना एलेउतेरिओच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

"कुणासाठी काढलास हा?" टकल्यानं पिस्तूल त्याच्या कपाळाला लावलं.

डॉन क्रिसोफोरोनं हात जोडले. "मालक, लग्नघर आहे. पोरीच्या पायगुणाला बोल लागेल. जीव नका घेऊ."

"बरं. जीव राहू दे," टकल्या म्हणाला. "डोळा घेतो." तो नेरेइदाकडे वळला. "ए बाई, तुझा भाऊ कुठल्या डोळ्यानं बघतो या यंत्रातून?"

सगळं जग उजव्या डोळ्यानं बघतं. एलेउतेरिओ पोरवयापासून डावा डोळा लावायचा. नेरेइदाला ते माहीत होतं. तिथल्या दुसऱ्या कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. खाली एलेउतेरिओ रक्ताळल्या तोंडानं काहीतरी म्हणत होता.

"उजव्या," नेरेइदा म्हणाली. "मारियामातेची शपथ, उजव्या!"

दोघांनी त्याचं डोकं मातीत दाबून धरलं. टकल्यानं जवळच्या टेबलावरचा मांस उचलायचा काटा घेतला. एलेउतेरिओची किंकाळी बँडच्या वर गेली. नंतर टकल्यानं काटा टेबलक्लॉथला पुसला आणि जागेवर जाऊन जेवायला बसला.

दवाखान्यात एलेउतेरिओला बोलता येईपर्यंत बरेच दिवस गेले. नेरेइदा खाटेशीच होती.

"डावा राहिला रे," ती म्हणाली. "तुझा कामाचा डोळा वाचवला मी."

तो छताकडे बघत राहिला. "माहीत नाही म्हणाली असतीस तर?"

"तर दोन्ही काढले असते त्या राक्षसानं! बोलल्याशिवाय गत्यंतर होतं का मला?"

"नसेल." तो फुटक्या दातांतून सावकाश म्हणाला. "पण ताई, उजवा म्हणताना तू अडखळलीसुद्धा नाहीस गं."

नेरेइदा ढसाढसा रडली. मग डोळे पुसून तिनं ओला कापूस घेतला आणि त्याचे ओठ पुसायला वाकली. एलेउतेरिओनं मान वळवली आणि पट्टी बांधलेली बाजू तिच्याकडे केली.