लेकीच्या हळदीतली नवी चाल

एकोणिसाव्या वर्षी मी एका रॉक बँडमध्ये गिटार वाजवत होतो आणि आमचं एक गाणं तुफान चाललं. त्याच्या सुरुवातीला माझी गिटार आहे, जेमतेम अर्ध्या मिनिटाची. पुढे बँड फुटला, केस गेले, मी मुंबई सोडून थळला, गावच्या घरी आलो. ते अर्धं मिनिट मात्र माझ्या मानगुटीवरून उतरायला तयार नाही. साखर आणायला गेलो तरी दुकानदार तोंडाने ते वाजवून दाखवतो, तेही बेसूर. मला त्याचा वीट आलाय. हे सांगितलं की लोकांना तो माझा विनय वाटतो.

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मी तिच्यासाठी एक नवी चाल बांधली. बऱ्याच वर्षांनी काहीतरी सुचलं होतं. ती तिने ऐकावी, एवढंच मला हवं होतं. पण आमच्याकडच्या हळदीत कोण काय ऐकणार? दारात बेंजो पार्टी, भिंतीएवढे स्पीकर आणि अंगात आल्यासारखे नाचणारे पाहुणे. फक्त धवलारीण, म्हणजे लग्नविधीची गाणी म्हणणारी बाई, गायला बसली की वाद्यं बंद होतात. ती आमच्याच आळीतली म्हातारी. मी तिला म्हटलं, "मावशी, मधे जरा जागा द्याल का मला?"

"पानी पिऊन घेते, तवर वाजव तू," ती म्हणाली.

तिने तांब्या उचलला तसा मी मांडवात लेकीसमोर बसलो आणि वाजवायला लागलो. चाल संथ होती, मधे मधे थांबणारी. बेंजोवाले विड्या ओढायला बाहेर गेले. बायका हळद कालवत आपापसात बोलत होत्या. लेक मात्र माझ्या बोटांकडेच बघत होती. मला फार बरं वाटलं, किती दिवसांनी.

वाजवून झालं. तिने हळदीने माखलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"बाबा, झाल्या तारा सुरात लावून? आता वाजवा ना."

माझे डोळे भरून आले. बाजूच्या बायकांना वाटलं, लेक चालली म्हणून. एकीने पाठीवरून हातही फिरवला. मी लेकीला "हो" म्हटलं आणि तेच जुनं वाजवलं. सगळ्यांच्या आधी तीच उठून नाचली.