गोठ्यातला जादा खांब

खांबावर पाना आपटायचा, कान लावायचा आणि जाहीर करायचं, “बोलला. आता पडत न्हाय.” ही मिस्त्रींची रीत. खांब काय बोलला, ते आम्हाला कधीच ऐकू आलं नाही. विचारलं की म्हणायचे, “वैनी, तुमचा कान टीव्हीचा हाय.”

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, अगदी कृष्णेच्या काठाला. पाणी वाढलं की म्हशी घेऊन माळावर जायचं, हे ठरलेलं. म्हणून आम्ही नटबोल्टचं तयार शेड मागवलं. खोलायचं, ट्रॉलीत भरायचं, माळावर पुन्हा उभं करायचं. ते बसवायला मिस्त्री पहिल्यांदा आमच्या दारात आले, ते घर आपलंच असल्यासारखे चहा मागत.

कंपनीने खांबांवर नंबर टाकले होते. मिस्त्रींनी ते पाहिलेसुद्धा नाहीत. ऑइलपेंटचा डबा उघडून त्यांनी खांबांना नावं दिली. कोपऱ्यांना थोरला, धाकटा, आत्या, मावशी. दाराच्या दोन बाजूंना सासू आणि सून.

“नंबर इसरतोय माणूस, नातं इसरत न्हाय. ह्या दोगींची जागा बदलली की दार लागायचं न्हाय, बगा.”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. सासू नावाचा खांब जरा वाकडा होता.

फुशारकी तर विचारू नका. तुमच्याही गावात असा एखादा असेलच. “माझं पडल्यालं एक तरी शेड दावा,” असं ते चारचौघांत म्हणायचे. एकदा माझ्या यजमानांनी कोडोलीकडच्या एका शेडची आठवण करून दिली. मिस्त्रींनी पाना खांद्यावर टाकला. मग म्हणाले, “ते पडलं न्हाय. बसलं.”

सगळं शेड उभं राहिल्यावर त्यांनी कुठूनसा बाभळीचा एक खांब आणला आणि बरोबर मधोमध रोवला. वर कशालाच तो टेकत नव्हता. यजमान वैतागले, शेण काढताना आडवा येतो म्हणून.

“असू द्या की. पावणा हाय त्यो,” मिस्त्री म्हणाले. पुढे काही सांगितलं नाही. पाणी वाढलं की ते न बोलावता हजर व्हायचे आणि माळावर गेल्यावर आधी पावणा रोवायचे, मग बाकीचं शेड. आम्ही हसायचो.

यंदा पाणी वाढलं तेव्हा मिस्त्री नव्हते. उन्हाळ्यातच ते वारले. शेड खोलताना त्यांच्या हातची नावं वाचली आणि मला रडू आवरेना. तरी काम उरकलं. माळावर नात्यानात्याने खांब उभे केले. दारही लागलं.

पण म्हशी काही बसेनात. थोरली म्हैस दाव्याला हिसके देत नुसती फिरत होती. धारेला बसावं तर तिने दूध चोरलेलं, थेंब सोडेना. दुसऱ्या दिवशीही तेच. आमचं सगळं घर दुधावर चालतं.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, “पावणा कुठं हाय रं?”

जादा म्हणून तो ट्रॉलीतच पडून होता. उतरवताना पाहिलं तर म्हशीच्या उंचीला तो घासून घासून गुळगुळीत झालेला. मधोमध रोवला. थोरली आली, त्याला मान घासली, मग पाठ घासली आणि फुसकन श्वास सोडून खाली बसली. संध्याकाळी बादली भरली.

यजमानांनी खांबावर पाना आपटला आणि माझ्याकडे पाहिलं. मी कान लावला. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

“बोलला,” मी म्हणाले.