पडद्याबाहेरची ओळ

चौथा मजला आला तेव्हा वायरताईच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. खांद्याला केबलींनी भरलेली पिशवी. तिचा पट्टा रोज त्याच जागी रुतायचा आणि तिथली कातडी आता तक्रार करायचंही विसरली होती. टीव्हीच्या दुकानात चौदा वर्षं काढल्यावर ते दुकान बंद झालं, तेव्हापासून ती घरोघर जाऊन लोकांचे टीव्ही आणि कॉम्प्युटर एकमेकांना जोडून द्यायची, म्हणून सगळे तिला वायरताई म्हणत. "दोघं एकाच खोलीत असून धड बोलत नाहीत, एवढंच दुखणं असतं," असं ती एकदा नवऱ्याला म्हणाली होती. तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला होता, "मग आधी आपल्या घरापासून सुरुवात कर."

दार काकूंनी उघडलं. तिला लगेच आत न घेता, आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "दोघेजण बघून गेलेत. दोघेही म्हणाले, टीव्ही ठणठणीत आहे, डोळे तपासा. आता यांनी ठरवलंय, आज तुमच्याकडूनही जमलं नाही तर प्रूफं तपासायचं कामच सोडायचं. एक्केचाळीस वर्षं केलंय हो ते."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. ते म्हणाले, वयाच्या मानाने चांगले आहेत. आता 'वयाच्या मानाने' हे या माणसाला कोण पटवणार?"

आतल्या खोलीत भिंतीवर कपाटाच्या दाराएवढा टीव्ही होता. बाबांना अक्षरं मोठी दिसावीत म्हणून लेकीने घेऊन दिलेला. समोर काका ताठ बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे. छापखान्याकडून आता कागद येत नसत, पानं थेट कॉम्प्युटरवर येत. काकांच्या सोयीसाठी छापखान्यातला माणूस पानाखालची कोरी कड छाटून पाठवायचा, म्हणजे पान थोडं मोठं दिसून थेट पडद्याच्या तळाला टेकायचं.

"या. तुम्ही तिसऱ्या," काका म्हणाले. "म्हणजे निकाल तुमच्याकडे."

"काय होतंय नक्की?"

"पान बदललं की अक्षरं मागे रेंगाळतात. हा बाण हलवला की ओढत ओढत येतो, माझ्यासारखा. तासाभरात डोकं ठणकतं. आणि चुका सुटतात. गेल्या पुस्तकात अकरा सुटल्या. छापखान्याने नुसत्या पानांच्या आकड्यांना लाल गोल करून यादी पाठवली. एका शब्दाने बोलले नाहीत. तेच जास्त लागलं."

वायरताईची एक पद्धत होती. कडेने बारीक रेघ आणि चार कोपऱ्यांत चार आकडे असलेलं एक साधं चित्र तिने स्वतः करून पेनड्राइव्हवर ठेवलं होतं. कुठल्याही घरी आधी ते लावायचं, मग बाकीचं. पण आजचं हे पाचवं घर होतं आणि पेनड्राइव्ह पिशवीच्या तळाशी होता. तिने वायर दोन्हीकडून दाबून पाहिली, उजेड कमीजास्त केला, लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. अक्षरं स्वच्छ होती.

"चित्र तर चांगलं आहे, काका," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिच्या तोंडून आपोआप निघून गेलं. "एकदा दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून बघा ना."

काकांनी मान डोलावली. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाने स्वतःची इतकी मुकाट्याने पदरात घ्यावी, हे तिला बरं वाटलं नाही. तरी ती पिशवीची चेन लावू लागली. घरी जायला किती वेळ लागेल याचा हिशेब मनात चालू होता, म्हणून किती वाजले ते बघायला तिने पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात नजर टाकली.

तिथे घड्याळ नव्हतं. घड्याळ ज्या पट्टीवर असतं ती पट्टीही नव्हती.

"काका, खालची पट्टी कुठे गेली?"

"लेकीने लपवली असेल. तिला पसारा आवडत नाही."

काकूंनी लेकीला फोन लावला. "मी कशाला लपवू?" ती फोनवरून ओरडली. "मला वाटलं बाबांनी घालवली. ते काहीही दाबतात."

"मी काहीही दाबत नाही."

"मागे अख्खा पडदा उलटा कोणी केला होता मग?"

काकू हसू दाबत स्वयंपाकघरात गेल्या. वायरताईने निमूटपणे चेन पुन्हा उघडली, सगळी पिशवी जमिनीवर पालथी केली आणि पेनड्राइव्ह शोधून चित्र लावलं. कडेची रेघ एकाही बाजूला दिसेना. कोपऱ्यातले आकडे अर्धे कापलेले. टीव्ही आलेलं चित्र थोडं ताणून मोठं करत होता आणि त्याच्या कडा चौकटीबाहेर सांडत होत्या. सिनेमा बघणाऱ्याला हे कधी कळणारही नाही. तिने रिमोट घेऊन चित्राचा आकार 'आहे तसा' केला. चारही बाजूंनी रेघ आत आली. खाली पट्टी उगवली, पट्टीवर घड्याळ. पावणेपाच.

आता तिला गप्प बसवेना. तिने कॉम्प्युटरची सेटिंग उघडली. "हे बघा. सेकंदाला तीसच चित्रं येतायत. साठ हवीत. बाण ओढत येतो तो यामुळे." यादीत साठ नव्हतंच. टीव्हीच्या त्या सॉकेटची सेटिंग बदलल्यावर ते आलं. तिने साठ निवडलं आणि पडदा काळा झाला.

"गेला?" काकांनी विचारलं.

"येईल परत. पंधरा सेकंदांत आपण हो म्हटलं नाही, तर तो समजतो की जमलेलं नाही. मग आपणहून जुन्यावर जातो."

"शहाणा आहे," काका म्हणाले.

पडदा परतला, तीसवरच. म्हणजे वायरीला साठ झेपत नव्हतं. तिने पसाऱ्यातली नवी वायर उचलली, टीव्हीमागे हात घालून चाचपडत लावली आणि पुन्हा साठ निवडलं. पुन्हा काळोख. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. मग चित्र आलं. तिने 'हो' दाबलं आणि माउस हलवला. बाण हाताबरोबर निघाला, हाताबरोबर थांबला.

काकांनी गेल्या पुस्तकाचं पहिलं पान नेहमीसारखं पडद्याभर उघडलं. तळाशी एक बारीक ओळ होती, प्रकरणाचं नाव आणि पानाचा आकडा.

"हे इथे होतं?" त्यांनी बाण त्या ओळीवर नेला. "मला वाटायचं, हल्ली हे छापखानेवाले शेवटी घालतात."

त्यांनी लाल गोलांची यादी काढली आणि एकेक पान लावायला सुरुवात केली. आकडा दोनदा आलेला. तिसऱ्या प्रकरणाचं नाव चौथ्याच्या पानांवर. पुन्हा आकडा. वायरताई सामान भरायचं विसरून बघत राहिली. अकरापैकी नऊ चुका त्या तळच्या ओळीत निघाल्या. जी ओळ या पडद्यावर कधी आलीच नव्हती. दोन मात्र पानाच्या मधोमध होत्या. एक ओळ दोनदा छापलेली, एक शब्द गळलेला. काका त्या दोन पानांवर फार वेळ थांबले.

"काका, मी मघाशी डॉक्टरांचं बोलले ना, ते चुकलं. न तपासताच बोलले."

"राहू द्या. या दोन मधल्या आहेत ना. जाऊन येईन डॉक्टरांकडे." त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि छापखान्याला फोन केला.

"ऐका," ते म्हणाले. "त्या अकरांपैकी नवांचं कारण आज सापडलं. पडदा खालून कापलेला होता. दोन माझ्या." पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. काकूंनी दाराची चौकट धरली होती.

"नाही, सोडत नाही," काका शेवटी म्हणाले. "पुढचं पुस्तक पाठवा. पण त्या दोन माझ्या होत्या, हे लक्षात ठेवून पाठवा."