बर्फावरचं नाणं

शंकरभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीच्या चौकात गाडीत अडकले होते. पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं... महिना झाला. हल्ली इतका थकवा असतो की धड रडूही येत नाही.

तळवड्यातल्या आमच्या छोट्या कंपनीत संशोधकांच्या प्रयोगांसाठी उंदराची प्रथिनं तयार होतात. उंदीर मात्र एकही नाही. उंदराचं जनुक जिवाणूत घालायचं, मग तो जिवाणूच प्रथिन बनवतो. शंकरभाऊ तिथल्याच मूळ गावचे. जमीन गेल्यावर नोकरीला लागलेले, फ्रीझर आणि पॅकिंग सांभाळायचे. पहिल्याच आठवड्यात ते घरून मांजर घेऊन आले. "सारखं उंदीर उंदीर म्हणता, एक बी दिसंना. पळालं का काय?" खरा प्रकार कळल्यावर आमच्याबरोबर तेही पोट धरून हसले. मांजर वॉचमनकडे राहिलं ते राहिलंच.

फ्रीझरमध्ये ते एका वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर रुपयाचं नाणं ठेवायचे. आधी आइस्क्रीमच्या गोदामात कामाला असताना शिकलेली युक्ती. वीज जाऊन बर्फ वितळला की नाणं तळाला जातं, आणि पाणी पुन्हा गोठलं तरी तिथंच राहतं. एका सोमवारी नाणं तळाला दिसलं. फ्रीझरवरचा तापमानाचा आकडा बरोबर होता, कुरिअरवाला दारात उभा होता, आणि मी आधीच वैतागलेली.

"आकडा आत्ताचा हाय, ताई," ते म्हणाले. "रविवारचं नाण्याला इचारा. वितळलेला माल गेला तर तिकडं पोरांची म्हैन्यांची मेहनत वाया जाईल. चूक कुठं झाली ते त्यास्नी कळायचं बी न्हाई."

"तुम्ही पॅकिंग बघा. विज्ञान मला शिकवू नका."

त्यांनी मालाचा ट्रे माझ्या टेबलावर ठेवला आणि ते बाहेर गेले. तो माल मी स्वतः पॅक करून पाठवला. तक्रार आली नाही. आली असती तर बरं झालं असतं... निदान त्यांच्यासमोर मान खाली घालता आली असती. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. माझं चुकलं होतं हे मला कळत होतं, पण आज सांगू, उद्या सांगू करत राहिले.

गेल्या आठवड्यात फ्रीझर उघडला, तर नाणं पुन्हा तळाला. ऑर्डर त्याच दिवशी जायची होती. पॅकिंगची नवी मुलगी म्हणाली, "मॅडम, आकडा तर बरोबर आहे."

"आकडा आत्ताचा आहे," मी म्हणाले.

सगळा माल फेकून दिला. ग्राहकाला फोन करून उशीर होईल असं सांगितलं, बोलणी खाल्ली. मग वाटी धुऊन, पाणी भरून आत ठेवली. बर्फ होईपर्यंत नाणं कुठे ठेवावं ते सुचेना. दुपारभर मी ते मुठीतच धरून बसले होते.